पैसे लावणारा आणि पैसे भरणारा

एखादा महामार्ग, विमानतळ किंवा पाणीपुरवठा योजना खासगी कंपनीच्या भागीदारीत उभारायचे ठरले की पुढचा वाद कसा चालणार हे पहिल्याच दिवशी सांगता येते. एक बाजू म्हणते, सरकारच्या तिजोरीत खडखडाट आहे, कंपन्यांकडे पैसा आहे आणि कामाची शिस्तही आहे, मग अडवता कशाला? दुसरी बाजू म्हणते, लोकांची मालमत्ता भांडवलदारांच्या घशात घातली जात आहे. दोन्हीकडची पोटतिडीक खरी असते. पण दोघेही एकच गोष्ट गृहीत धरून भांडत असतात, आणि ती गोष्टच चुकीची आहे. कंपनी रस्त्यासाठी पैसे देते, असे दोघांनाही वाटते; एकाला त्याचे अप्रूप, दुसऱ्याला त्याचा संशय. प्रत्यक्षात कंपनी पैसे लावते. भरणारे वेगळे असतात आणि कोणत्याही देशात ते दोनच असतात: सुविधा वापरणारे आणि कर भरणारे. स्थानक आले की आजूबाजूच्या जमिनीचे भाव चढतात आणि त्या वाढीतून खर्च काढता येतो, हे हाँगकाँगच्या मेट्रोने दाखवले आहे. पण ती वाढही सार्वजनिक निर्णयातूनच जन्मलेली असते. ती सरकारने गोळा केली तर तो एका अर्थी करच झाला.

म्हणून माझी भूमिका आधीच मांडतो. तिजोरी रिकामी आहे, या कारणावर सार्वजनिक-खासगी भागीदारीचे समर्थन होऊच शकत नाही. तीस वर्षांच्या टोलचा हक्क कंपनीला दिला, याचा अर्थ तीस वर्षांचे उत्पन्न सरकारने सोडले. तेच उत्पन्न तारण धरून सरकारला स्वतः कर्ज काढता आले असते. कंपनीला दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायची असेल तर तो सरळसरळ कर्जाचा हप्ता झाला, फक्त त्याचे नाव बदलले. चिलीचे अर्थतज्ज्ञ एदुआर्दो एंगेल, रोनाल्ड फिशर आणि अलेक्झांडर गालेतोविच यांनी हे सविस्तर मांडले आहे: आज वाचलेला पैसा आणि उद्या सोडलेला पैसा यांची वजाबाकी केली तर तिजोरीच्या हाती वेगळे काही उरत नाही. भागीदारीच्या बाजूने टिकणारा युक्तिवाद एकच आहे. जोखीम खरोखर कंपनीकडे गेली पाहिजे, आणि जो बांधतो त्याच्याच गळ्यात पुढच्या देखभालीचे ओझे राहिले पाहिजे. हे घडते की नाही, ते विचारसरणीवर ठरत नाही. ते कराराच्या कलमांत ठरते, आणि वाद घालणारे नेमकी तीच कलमे वाचत नाहीत.

हा प्रश्न आजचा नाही. १८४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने भारतातल्या पहिल्या दोन रेल्वे कंपन्यांशी, म्हणजे ईस्ट इंडियन आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला यांच्याशी, करार केले. भांडवल लंडनच्या बाजारातून येणार होते, बांधकाम आणि कारभार कंपन्यांकडे राहणार होता. जमीन फुकट मिळाली. त्याखेरीज गुंतवलेल्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी मिळाली. गाडीचे उत्पन्न कमी पडले तर फरक हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यायचा. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, तेव्हा तिच्यामागे ही रचना होती. परिणाम काय झाला? खर्चाला लगाम घालण्याचे रेल्वे कंपन्यांना कारणच उरले नाही, कारण जितके भांडवल जास्त तितकी हमीची रक्कम जास्त. भारत सरकारचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना सांगितले की, पाच टक्क्यांची हमी मिळालेल्या भांडवलदाराला आपला पैसा हुगळीत फेकला जातो की त्याची वीट-चुन्याची बांधकामे होतात, याच्याशी काही देणेघेणे नव्हते. व्हाइसरॉय लॉरेन्स यांनी १८६९ च्या टिपणात हेच वेगळ्या शब्दांत नोंदवले: नफा कंपन्यांचा आणि तोटा सरकारचा. त्यानंतर काही वर्षे सरकारने नव्या रेल्वेमार्गांचे काम स्वतःकडे घेतले, कारण हमीपेक्षा स्वतः कर्ज काढणे स्वस्त पडत होते. अर्थशास्त्राचे अभ्यासक गणेश व्यंकटेश जोशी यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात रेल्वेविस्ताराच्या आर्थिक परिणामांची चिकित्सा केली, ती १८८० च्या दशकात. म्हणजे या विषयावर आपल्याकडे आकडेवारी घेऊन गंभीरपणे बोलण्याची परंपरा जवळपास दीडशे वर्षांची आहे. आजच्या घोषणायुद्धात तिचा मागमूसही दिसत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कोणी म्हणेल, ती वसाहतवादी राजवट होती, त्या काळाचे दाखले आज कशाला? मग दिल्ली आणि नोएडा जोडणारा डीएनडी उड्डाणमार्ग पाहा. १९९७ चा करार, २००१ मध्ये वाहतूक सुरू. करारात कंपनीला एकूण प्रकल्पखर्चावर वर्षाला वीस टक्के परताव्याची हमी होती. एखाद्या वर्षी तेवढे उत्पन्न झाले नाही तर तूट प्रकल्पखर्चातच मिळवायची, आणि पुढच्या वर्षीचे वीस टक्के त्या फुगलेल्या रकमेवर मोजायचे. तीस वर्षांत वसुली पूर्ण झाली नाही तर मुदत वाढत जाणार. हे गणित मांडून पाहिले तर शाळकरी मुलालाही कळेल की वसुली कधीच पूर्ण होणार नाही. वाहने कितीही धावली तरी देणे वाढतच राहणार. २०१६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने टोल बंद केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. हमीची टक्केवारी पाचाची वीस झाली होती. दीडशे वर्षांपूर्वी अंगाशी आलेली युक्ती अधिक चढ्या दराने पुन्हा वापरली गेली, आणि मधली पंधरा वर्षे लोक टोल भरत राहिले.

आता भागीदारीच्या समर्थकांचे सर्वांत भक्कम मुद्दे घेऊ, कारण ते खरोखर भक्कम आहेत. पहिला मुद्दा, सरकारी बांधकामांचा इतिहास काही अभिमानाचा नाही. सिडनीच्या ऑपेरा हाउसचा अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता, खर्च १०.२ कोटींवर गेला आणि काम दहा वर्षे रखडले. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २००३ मध्ये केलेल्या पाहणीत, खासगी वित्तपुरवठ्याच्या (तिकडे त्याला ‘पीएफआय’ म्हणतात) प्रकल्पांपैकी २२ टक्क्यांमध्ये कराराच्या रकमेपेक्षा खर्च वाढला होता. जुन्या पद्धतीच्या सरकारी प्रकल्पांत आधीच्या पाहणीनुसार हे प्रमाण ७३ टक्के होते. उशिराच्या बाबतीतही साधारण असाच फरक. भागीदारीला सरसकट लूट म्हणणाऱ्यांनी या आकड्यांना उत्तर दिले पाहिजे आणि ते बहुधा देत नाहीत. मी हा मुद्दा मान्य करतो. मात्र खर्च वाढला नाही, एवढ्याने प्रकल्प स्वस्त पडला असे सिद्ध होत नाही. ठरलेल्या रकमेत काम पूर्ण करायचे बंधन असेल तर कंपनी अनपेक्षित खर्चाची सोय मूळ बोलीतच करून ठेवते. तो एक प्रकारचा विमा आहे. विमा घेण्यात चूक नाही, पण त्याचा हप्ता किती पडला हे विचारल्याशिवाय तो फायद्याचा ठरवता येत नाही.

दुसरा मुद्दा देखभालीचा, आणि माझ्या मते तो या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे. नव्या पुलाची फीत कापली जाते, जुन्या पुलाच्या रंगरंगोटीची फीत कोणी कापत नाही. तंगी आली की अंदाजपत्रकात पहिली कात्री देखभालीला लागते, कारण आज टाळलेल्या दुरुस्तीची फळे पुढच्या कोणाच्या तरी कारकिर्दीत दिसणार असतात. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधला फर्न हॉलो पूल कोसळला, तोही नेमका पायाभूत सुविधांवर बोलण्यासाठी राष्ट्राध्यक्ष बायडेन त्या शहरात येणार होते त्याच दिवशी. पूल शहराच्या मालकीचा होता. तपासणी अहवालांत दुरुस्तीच्या शिफारशी वर्षानुवर्षे केल्या जात होत्या आणि त्यांवर कारवाई होत नव्हती. भागीदारीच्या करारात देखभालीचा पैसा आणि दर्जा दोन्ही बांधून टाकता येतात. नव्या मंत्र्याला ते सहज कापता येत नाहीत. शिवाय तीस वर्षे आपल्यालाच खड्डे बुजवायचे आहेत हे ठाऊक असलेला कंत्राटदार डांबराच्या थरात काटकसर करताना दहा वेळा विचार करतो. हे सगळे खरे आहे. पण २०१८ मध्ये इटलीतल्या जिनोआ शहरातला मोरांदी पूल कोसळून ४३ माणसे मेली, तो रस्ता खासगी कंपनीच्या ताब्यात होता आणि चौकशीत देखभालीचाच प्रश्न केंद्रस्थानी आला. तिथल्या महामार्ग कराराची आर्थिक परिशिष्टे लोकांसमोर आली तीही पूल पडल्यानंतर. दुर्लक्ष दोन्हीकडे होऊ शकते. ते रोखते ती तपासणी: कोण करते, कोणाला कळवते आणि दर्जा घसरल्यावर कंपनीच्या खिशातून नक्की किती पैसे जातात. तपासणी करणारा सरकारी अभियंता स्वतः सक्षम हवा, ही त्यातली मुख्य अट. सगळेच बाहेर सोपवायचे म्हणून ज्या सरकारांनी आपले अभियंतेच कमी केले, त्यांना आपण काय विकत घेतले हे तपासताही येत नाही.

तिसरा मुद्दा व्याजाचा. सरकारला कर्ज स्वस्त मिळते, कंपनीला महाग, म्हणून खासगी पैसा मुळातच महाग, असे टीकाकार म्हणतात. यावरचे उत्तर विचार करण्यासारखे आहे: सरकारी कर्ज स्वस्त असते कारण प्रकल्प फसला तर करदात्यांकडून वसूल करता येते. म्हणजे जोखीम तिथेही असते, ती फक्त व्याजदरात दिसत नाही. कंपनीचा जास्तीचा दर ही त्या जोखमीची उघड किंमत. तर्क म्हणून हे मला पटते. पण मग तर्क शेवटपर्यंत न्यावा लागेल. किंमत मोजली असेल तर जोखीम गेलेली दिसली पाहिजे. लंडनच्या भुयारी रेल्वेचे रूळ, डबे आणि स्थानके सुधारण्यासाठी २००३ मध्ये मेट्रोनेट या कंपनीशी तीस वर्षांचे करार झाले. २००७ च्या जुलैत कंपनी बुडाली. तेव्हा कळले ते असे की तिच्या कर्जापैकी ९५ टक्के रकमेची हमी सार्वजनिक यंत्रणेनेच घेतली होती, आणि सरकारला सुमारे १७० कोटी पौंड भरावे लागले. कर्ज देणाऱ्या बँकांना चढे व्याज मिळत होते, आणि जोखीम जवळपास शून्य होती. हुगळीची गोष्टच थेम्सच्या काठी पुन्हा घडली होती.

याच्या उलट उदाहरण त्याच देशात आहे आणि ते भागीदारीच्या विरोधकांनी जरूर पाहावे. इंग्लिश खाडीखालचा बोगदा बांधताना ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १९८६ च्या करारातच लिहून ठेवले की सरकारी पैसा किंवा सरकारी हमी मिळणार नाही. बांधकामाचा खर्च अंदाजाच्या सुमारे ऐंशी टक्क्यांनी वाढला. बोगदा १९९४ मध्ये उघडला, प्रवासी आणि माल अंदाजापेक्षा फार कमी आला, लाखो छोट्या भागधारकांचे पैसे बुडाले आणि २००७ मध्ये कर्जाची मोठी फेररचना झाली. कर्ज देणाऱ्यांना आपल्या रकमेवर पाणी सोडावे लागले. सरकारांनी सवलतीची, म्हणजे बोगदा चालवण्याच्या हक्काची, मुदत २०८६ पर्यंत वाढवली, म्हणजे काहीच दिले नाही असे नाही. पण तोटा भरून काढण्यासाठी कर वापरला गेला नाही, आणि बोगदा त्यापायी एक दिवसही बंद झाला नाही. गाड्या आजही धावतात. जोखीम सरकते तेव्हा असे दिसते: चुकीचा अंदाज बांधणाऱ्याचे नुकसान होते आणि सुविधा लोकांकडे राहते. खासगी भांडवलाला जोखमीचा मोबदला हवा असेल तर नुकसान सोसायची तयारीही हवी, आणि सरकारकडे ते होऊ देण्याचे धैर्य हवे. पाणी, दवाखाना किंवा शहराची रेल्वे यांच्या बाबतीत ते धैर्य कोणत्या सरकारकडे असते? कंपनीला हे पक्के माहीत असते. ज्या सेवेला बंद पडू देता येत नाही, तिची जोखीम कागदावर कितीही सरकवली तरी वादळात ती सरकारच्या दारी परत येते. म्हणून टोल रस्ता आणि पाणीपुरवठा यांना एकच माप लावणे मला चूक वाटते.

करार झाल्यावरही खेळ संपत नाही. लॅटिन अमेरिकेतल्या हजाराहून अधिक सवलत करारांचा अभ्यास जागतिक बँकेसाठी लुइस ग्वाश यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. वाहतुकीतले निम्म्याहून अधिक आणि पाणीपुरवठ्यातले जवळपास तीन चतुर्थांश करार पुन्हा वाटाघाटीला आले होते, आणि तेही सरासरी दोन वर्षांच्या आसपास. याचा अर्थ काय होतो? निविदेत सर्वांत कमी बोली लावून काम पटकवायचे, आणि स्पर्धक घरी गेले की एकट्याने सरकारसमोर बसून अटी सैल करून घ्यायच्या. अशाने स्पर्धेतून मिळालेला सगळा फायदा बंद खोलीत परत जातो. फेरवाटाघाट कधीच होऊ नये असे मी म्हणत नाही. तीस वर्षांत जग बदलते. पण पहिल्या काही वर्षांत ती करायचीच असेल तर स्वतंत्र तपासणीतून गेली पाहिजे, आणि जास्तीचे काम पुन्हा निविदेने दिले पाहिजे.

चिलीने या गुंत्यावर काढलेला उपाय मला फार महत्त्वाचा वाटतो. १९९८ मध्ये सँतियागो ते वाल्पाराइसो या महामार्गाचा लिलाव त्यांनी वेगळ्या पद्धतीने केला. किती वर्षे टोल घेणार, असे विचारले नाही. आजच्या मूल्यात एकूण किती रक्कम मिळाली की रस्ता परत कराल, असे विचारले. सर्वांत कमी रक्कम सांगणाऱ्याला काम. वाहने जास्त आली तर रक्कम लवकर पुरी होते आणि करार लवकर संपतो. मंदी आली तर मुदत आपोआप वाढते, रडारड करत मंत्रालयात यायचे कारण कमी होते. सरकारला मध्येच रस्ता परत घ्यायचा असेल तर भरपाईची रक्कमही जवळपास ठरलेली: बोलीतली रक्कम उणे आतापर्यंतची वसुली. डीएनडीच्या शेजारी हे ठेवून पाहा. दोन्ही ठिकाणी खासगी कंपनी, दोन्ही ठिकाणी ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’. एकीकडे करार स्वतःहून संपत जातो, दुसरीकडे स्वतःहून लांबत जातो. खासगी की सरकारी, या प्रश्नाने या दोहोंतला फरक सांगता येईल का?

तरीही सरकारांना भागीदारी का हवीहवीशी वाटते? उत्तर बहुतेक वेळा हिशेबाच्या वहीत सापडते. सरकारने कर्ज काढून दवाखाना बांधला तर तो आकडा त्याच वर्षी तुटीत दिसतो. कंपनीने कर्ज काढून बांधला आणि सरकारने तीस वर्षे भाडे दिले तर आजच्या वहीत जवळपास काही दिसत नाही. ब्रिटनमध्ये १९९२ मध्ये हुजूर पक्षाच्या सरकारने पीएफआय सुरू केले आणि १९९७ नंतर मजूर पक्षाने ते जोमाने वाढवले. दोघांनाही मोह सारखाच. २०१८ च्या आरंभी लेखापरीक्षण कार्यालयाने हिशेब मांडला: ७१६ प्रकल्प, त्यांचे भांडवली मूल्य सुमारे ६,००० कोटी पौंड आणि २०४० च्या दशकापर्यंत द्यायचे पैसे १९,९०० कोटी पौंड. या रकमेत सफाई, दुरुस्ती अशा सेवाही धरलेल्या आहेत, त्यामुळे दोन आकडे थेट समोरासमोर ठेवणे अन्याय्य होईल. पण इतके देणे लोकांच्या चर्चेत इतकी वर्षे आलेच नाही, हा माझा आक्षेप आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अर्थमंत्री हॅमंड यांनी नवे करार बंद केल्याचे जाहीर केले. पोर्तुगालने तर वाहनचालकांना फुकट वाटणारे महामार्ग बांधले. कंपनीला वाहनांच्या संख्येनुसार पैसे सरकार देणार होते. २०११ मध्ये देश आर्थिक संकटात सापडला तेव्हा युरोपीय संघ आणि नाणेनिधीने मदतीच्या अटींमध्ये या करारांची फेरतपासणी घातली.

यावर गरीब देशांकडून एक सवाल येतो आणि तो टाळता येत नाही. आमच्याकडे रस्ता आज हवा आहे, सरकारची पत संपली आहे, मग महाग का होईना, खासगी पैसा घेतला तर बिघडले काय? उशिराचीही किंमत असते, हे मला मान्य. पण सावकार सरकारला कर्ज द्यायला कचरतो ते ज्या कारणाने, त्याच कारणाने तो कंपनीकडेही सरकारी हमी मागतो. हमी दिली की आपण पुन्हा १८४९ मध्ये. उलट न्यूयॉर्क राज्याने १८१७ ते १८२५ या काळात स्वतः कर्जरोखे काढून ईरी कालवा खणला, केंद्राने मदत नाकारली असताना, आणि जलवाहतुकीच्या शुल्कातून कर्ज फेडले. त्याचे अनुकरण करत इतर राज्यांनी वाटेल तिथे कालवे आणि रेल्वे काढल्या, आणि १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला आठ राज्यांनी कर्ज बुडवले. सरकारी कर्जही असे तारक आणि मारक ठरू शकते. ज्या कालव्यावर बोटी येणार होत्या तो फिटला, ज्यावर येणार नव्हत्या तो बुडाला. निधी कोणत्या मार्गाने आला यापेक्षा प्रकल्प मुळात हवा होता का, हा प्रश्न आधीचा आहे, आणि भागीदारीच्या गदारोळात तोच सर्वांत आधी हरवतो.

म्हणून माझा आग्रह अगदी साधा आहे. सही होण्याआधी संपूर्ण करार परिशिष्टांसह लोकांसमोर यावा. व्यापारी गुपित ही सबब सार्वजनिक पैशाच्या करारात चालू नये. दिलेली प्रत्येक हमी आणि पुढची प्रत्येक देणी कर्जासारखीच अंदाजपत्रकात मोजली जावीत, म्हणजे हिशेबातून लपवण्यासाठी भागीदारी करण्याचे कारणच उरणार नाही. त्यानंतरही ती स्वस्त आणि चांगली ठरत असेल तर मी तिचे स्वागत करीन. आणि वाचायला वेळ द्यावा. २००८ च्या डिसेंबरमध्ये शिकागो शहराने रस्त्यांवरची ३६ हजार पार्किंग मीटरे ७५ वर्षांसाठी सुमारे ११५ कोटी डॉलरला दिली. प्रस्ताव नगर परिषदेपुढे आला आणि दोन दिवसांत ४० विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. पुढच्याच वर्षी शहराच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला की शहराला सुमारे ९७ कोटी डॉलर कमी मिळाले. पैशाचा मोठा भाग काही वर्षांतच चालू तूट भरण्यात खर्च झाला. करार मात्र चालू आहे. रस्ता दुरुस्तीसाठी किंवा मिरवणुकीसाठी ठरलेल्या मर्यादेपलीकडे बंद ठेवला तर कंपनीला भरपाई द्यावी लागते. उद्या शहराला एखाद्या रस्त्यावरची पार्किंग काढून बससाठी वेगळी मार्गिका आखावीशी वाटली, तर तिथल्या अभियंत्याला आधी त्या दोन दिवसांत मंजूर झालेला करार उघडून कंपनीचे किती उत्पन्न बुडेल हे मोजत बसावे लागते.